एका टिंबासाठी

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका बाईंचा फोन आला. त्यांच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला वाटण्यासाठी एक छोटं पुस्तक काढलं होतं. ऐंशी पानं, तीनशे प्रती. वडील प्राथमिक शिक्षक होते. कर्जत तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. मजकूर विद्यार्थ्यांनी आणि नातेवाइकांनी लिहिलेला, अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन माझं. प्रती छापून त्यांच्या घरी पोचल्या होत्या आणि कार्यक्रम चार दिवसांवर आला होता.

"ताई, जरा ३१वं पान काढता का?" त्या म्हणाल्या. "आईने दाखवलं."

त्या पानावर एका माजी विद्यार्थ्याने लिहिलं होतं की गावातल्या मोठ्या माणसांनासुद्धा गुरुजींचा, म्हणजे 'त्यांचा', धाक वाटे. छापून आलं होतं 'त्याचा धाक वाटे'.

बाई रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आई म्हणते, पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी यांना कधी अरे-तुरे केलं नाही. ते नेमकं ते गेल्यावर व्हावं."

दुसऱ्या दिवशी तीन काळी जेल पेनं घेऊन मी कर्जतला त्यांच्या घरी गेले. तीनशे प्रती, तीनशे टिंबं. अडीच तास लागले. गुरुजींच्या पत्नी शेजारच्या खुर्चीवर बसून एकेक पुस्तक ३१वं पान उघडून माझ्यापुढे सरकवत होत्या आणि टिंब दिलं की शाई वाळेपर्यंत ते उघडंच बाजूला ठेवत होत्या. बोलल्या काहीच नाहीत. निघताना चहा दिला. उरलेले पैसे मी घेतले नाहीत आणि त्यांनीही आग्रह केला नाही.

मराठीत आपण टिंबांवर बरीच भांडणं केली आहेत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, तेव्हा कित्येक जुन्या मंडळींना पान उघडंबोडकं वाटलं. पण त्याच नियमांनी एक टिंब मुद्दाम राखलं : अनेकवचनाच्या सामान्यरूपावरचं. आणि आदरार्थी बहुवचनालाही ते हवंच, असं स्पष्ट केलं. म्हणजे मराठीत मान द्यायचा तर कधीकधी तो त्या एका टिंबानेच द्यावा लागतो. मी वीस वर्षं हे काम करते आहे आणि हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मला ते टिंब दिसलं नव्हतं, एवढंच. नाही, खरं सांगायचं तर नसलेलं टिंब मला दिसलं होतं.

*

आम्ही कुंभिवलीत राहतो, खालापूर तालुक्यात. सावरोली-खारपाडा रस्त्यावर कारखान्यांच्या गाड्यांची ये-जा असते आणि रस्ता सोडून आत वळलं की भाताची खाचरं. नवरा खोपोलीजवळच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. घरात आम्ही दोघं, शिकणारा मुलगा आणि सासूबाई. माझं टेबल मागच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीकडे पाठ करून. ही जागा मीच निवडली होती, कारण उजेड पाठीमागून आला की कागदावर छान पडतो. कागदावर काम करायचे तेव्हा ते बरोबरच होतं.

स्क्रीनचं गणित उलटं असतं, हे कळायला मला फार वेळ लागला. कागद उजेड घेतो आणि आपल्याला परत देतो. स्क्रीन स्वतःच उजेड देते, वरून पडलेला उजेड तिला नकोच असतो. माझ्या लॅपटॉपची काच चकचकीत होती. साध्या चकचकीत पृष्ठभागावरून समोरच्या उजेडाचा साधारण चार टक्के भाग आरशासारखा परत येतो. चार टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता, खिडकीबाहेर शेजारच्या शेडचा पत्रा तापून चकाकत असतो, तेव्हा त्या उजेडाचे चार टक्केही स्क्रीनवरच्या अक्षरांना पुरून उरतात. मी वाचत असायचे 'प्रस्तावना' आणि तिच्या मधोमध उभी असायची आमची खिडकी, तिचे गज आणि माझं डोकं.

जुलैत आणखी वेगळंच होतं. लावणीसाठी खाचरं पाण्याने भरली की आभाळाचा उजेड खालून वर येतो. छतावर पाण्याची जाळी हलत राहते. पाहुण्यांना ते फार आवडतं. मला ती जाळी स्क्रीनमध्ये दिसायची आणि ओळ हलल्यासारखी वाटायची.

त्यात आकडेमोडही माझ्या विरोधात होती. साडेपंधरा इंची, १३६६ बाय ७६८ची स्क्रीन म्हणजे एका इंचात साधारण शंभर ठिपके. पुस्तकातलं ११ पॉइंटचं अक्षर छापील आकारात दाखवायला तिच्याकडे उंचीला पंधराएक ठिपके असतात. त्यात काना, मात्रा, रफार सगळं बसवायचं, म्हणजे अनुस्वाराच्या वाट्याला दोन ठिपक्यांची रुंदी. तीही कडेने करडी. रोमन अक्षर पंधरा ठिपक्यांत तग धरतं; आपल्या शिरोरेघेच्या वरचा आणि खालचा संसार त्यात मावत नाही. कोणी म्हणेल, मोठं करून वाचा. वाचायचेच मी. पण फार मोठं केलं की ओळीचा काही भाग बाहेर जातो, पान इकडून तिकडे सरकवत वाचावं लागतं आणि ओळ सुटते. मग थकलेला मेंदू मदतीला येतो. 'गुरुजी' हा शब्द मागे वाचलेला असतो, त्यामुळे पुढे 'त्यांचा'च असणार, असं तो ठरवून टाकतो आणि टिंब स्वतःच देऊन मोकळा होतो.

*

पनवेलला डोळे दाखवले. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी तपासून सांगितलं की काळजीचं काही नाही. चाळिशीचा नंबर वाढला आहे आणि डोळे कोरडे पडले आहेत. माणूस एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो, स्क्रीनकडे टक लावली की ते प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतं. म्हणून जळजळ. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा, म्हणाल्या. माझ्या चष्म्याबद्दल त्यांनी एक उपयोगी गोष्ट सांगितली. प्रोग्रेसिव्ह काचेत वाचायचा नंबर तळाशी असतो, त्यामुळे मी स्क्रीन वाचायला नकळत हनुवटी वर करत होते आणि मान दुखते म्हणून बाम चोळत होते. स्क्रीनच्या अंतराचा, म्हणजे दोनेक फुटांचा, वेगळा चष्मा करा, असा त्यांचा सल्ला.

चष्म्याच्या दुकानदाराने निळ्या उजेडाची काच घालायचा आग्रह धरला. आठशे रुपये जास्त. मी घातली नाही. २०२३मध्ये कोक्रेन या संस्थेने सतरा चाचण्या एकत्र तपासून पाहिल्या होत्या. साध्या काचेच्या तुलनेत अशा काचांनी डोळ्यांचा ताण निदान नजीकच्या काळात कमी होतो, असं त्यात दिसलं नव्हतं.

मग मी पहिला मॉनिटर घेतला. ऑनलाइन, चोवीस इंची, साडेआठ हजारांचा. 'अँटी-ग्लेअर' असं ठळक लिहिलेलं होतं आणि मला तेवढंच हवं होतं. खोकं उघडलं, लावला, आणि खिडकी गेली! गज गेले, माझं डोकं गेलं. दोन दिवस मी अगदी खूश होते.

तिसऱ्या दिवशी एका कवितासंग्रहाचं प्रूफ वाचताना मला सगळीकडे टिंबं दिसायला लागली. कवितेचं पान बहुतेक पांढरंच असतं, आणि त्या पांढऱ्यावर बारीक रवाळ काहीतरी चमचमत होतं. स्क्रीनवर धूळ असेल म्हणून पुसलं. मान हलवली की रवा हलायचा. 'मंद' आहे की 'मद', 'अंग' की 'अग', प्रत्येक वेळी मोठं करून बघायला लागले. आधी नसलेली टिंबं माझा मेंदू देत होता. आता काच देऊ लागली.

तेव्हा कुठे मी वाचायला बसले. मॅट कोटिंग उजेड शोषून घेत नाही. ते पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत करून आरशासारखा परत येणारा उजेड विस्कटून टाकतं. खिडकीचा आकार मोडतो, पण उजेड तिथेच राहतो, धुक्यासारखा पसरून. म्हणून भर उजेडात मॅट स्क्रीनचा काळा रंग करडा होतो. आणि तो खडबडीतपणा बाहेरून येणाऱ्या उजेडालाच विस्कटतो असं थोडंच आहे? आतून, अक्षरांकडून येणाऱ्या उजेडालाही तो सोडत नाही. खवले जाड असतील तर प्रत्येक खवला चिमुकल्या भिंगासारखा वागतो आणि स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांना वेडंवाकडं मोठं करतो. पांढऱ्या पानावर चमचमणारा रवा तो हाच. या विस्कटण्याला 'हेझ' म्हणतात आणि काही माहितीपत्रकांत ते टक्क्यांत दिलेलं असतं. ऑफिसच्या मॉनिटरवर २५ टक्के हा आकडा वारंवार दिसतो. त्याच्या शेजारी '३एच' असंही लिहिलेलं असतं. मी ते डोळ्यांच्या सोयीचं काही असेल समजत होते. तो निघाला पेन्सिलीच्या कठीणपणाचा मापदंड; थ्री-एच पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा मार्ग चष्म्याच्या काचेवर असतो तसा. अतिशय पातळ थर, ज्याच्या दोन बाजूंनी परत येणाऱ्या उजेडाच्या लाटा एकमेकींना मारतात. चष्मा तिरपा धरला की हिरवी-जांभळी झाक दिसते ती त्याचीच. उत्तम, पण मॉनिटरवर महाग आणि बोटांचे डाग लगेच दाखवणारा.

परत करायची मुदत तोवर उलटून गेली होती. मॉनिटर मुलाच्या टेबलावर गेला. तो त्यावर क्रिकेट बघतो. त्याला कसलाही रवा दिसत नाही.

*

याच दरम्यान आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मोतीबिंदूचा विषय पेटला होता. दोन्ही डोळ्यांत होता. वर्षभर त्या टाळत होत्या. "माझा काय अडला हाय गो?" हे उत्तर ठरलेलं. अडत होतं. तांदूळ निवडताना खडे राहू लागले. संध्याकाळी समोरून मोटारसायकल आली की त्या जागीच उभ्या राहायच्या, कारण एका दिव्याचं त्यांना मोठं पांढरं फूल दिसायचं. एकदा पायरी चुकली आणि गुडघ्यावर निभावलं, तेव्हा नवऱ्याने त्यांना जवळजवळ उचलूनच पनवेलला नेलं.

डॉक्टरांनी समजावलं की डोळ्यातलं भिंग गढूळ झालं आहे, त्यामुळे आत येणारा उजेड सरळ न जाता विस्कटतो. मी आईंच्या मागे उभी होते. विस्कटतो, हा शब्द ऐकून मला माझ्या मुलाच्या टेबलावरचा मॉनिटर आठवला आणि थोडी लाजही वाटली. मी पन्नास पानं वाचून जे समजून घेत होते, तेच या बाईच्या डोळ्यांत दोन-तीन वर्षं चाललं होतं आणि मी तिला म्हणत होते, "आई, नीट बघून निवडा की."

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरात झालं, दुसऱ्याचं महिन्याने. आत जे भिंग बसवतात त्याची गोष्ट मी त्यांना दवाखान्यात बसल्या बसल्या सांगितली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पारदर्शक छताच्या कपच्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसायच्या. हॅरॉल्ड रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे ॲक्रिलिक डोळ्यात राहिलं तरी डोळा कुरकुर करत नाही. त्यावरून त्यांनी १९४९ साली लंडनमध्ये माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोरांचा काय झाला मग?" मला माहीत नव्हतं.

दोन ऑपरेशनांच्या मधला महिना घरात मोठा करमणुकीचा गेला. आई एकेक डोळा झाकून सगळं बघायच्या. "या डोल्यानं लुगडा पांढरा हाय, आन त्या डोल्यानं चाय सांडल्यावानी." जुनं भिंग पिवळट होतं, नव्यातून निळा आणि पांढरा रंग परत आला होता. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी मिश्रणीच्या डब्याकडे बघितलं, मग ओट्यामागच्या फरशांकडे, मग माझ्याकडे. "येवढा काला कधी झाला गो ह्यो घर?" मी दिवाळीला सगळं घासलं होतं. पण तेव्हा बघणाऱ्या नजरा दोनच होत्या, त्यातली एक माझी.

त्यांनी एक गोष्ट मात्र डोळे गढूळ असतानाही बरोबर केली होती. तांदूळ निवडायला त्या कधी दारासमोर तोंड करून बसल्या नाहीत आणि पाठ करूनही नाहीत. दार नेहमी डाव्या हाताला. मी रोज त्यांच्या बाजूने जात होते.

*

जानेवारीत मी पैसे साठवून लॅमिंग्टन रोडला गेले. खोपोलीहून सकाळची लोकल, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग असतो, पण विचारताना कोणी ते नाव घेत नाही. सोबत तीन वस्तू होत्या : पेन ड्राइव्हवर माझ्याच एका पुस्तकाची पीडीएफ, त्याच पुस्तकाची छापील प्रत आणि सुईत दोरा ओवायला आई वापरायच्या ते भिंग.

दुकानांतले मॉनिटर आपापली पोपट-फुलपाखरं दाखवत असतात, आणि पोपट सगळ्यांवर चांगलाच दिसतो. पहिल्या दोन दुकानांत मला माझी फाइल उघडू दिली नाही. तिसऱ्यातला मुलगा निवांत होता. "मॅडम, गेमिंगसाठी की ऑफिससाठी?" मी म्हटलं, "टिंबांसाठी." तो हसला आणि त्याने केबल काढून दिली.

मी काय बघितलं ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर बरंच. आधी स्क्रीन बंद करून तिच्यात दुकानाची ट्यूबलाइट बघितली. कडा धारदार दिसल्या तर काच चकचकीत. ट्यूब ओळखू येत नसेल आणि नुसता पांढरा ढग असेल तर जाड मॅट. ट्यूब कळते पण कडा मऊ आहेत, तर हलकं मॅट. मग पूर्ण पांढरं पान उघडून मान सावकाश डावी-उजवीकडे नेली आणि रवा हलतो का ते पाहिलं. मग माझं पान छापील आकारात लावून शेजारी पुस्तक धरलं. शेवटी उजेड कमी करून स्क्रीनसमोर पेन जोरात हलवलं. उजेड कमी करण्यासाठी जी स्क्रीन भराभर लुकलुकते, तिच्यापुढे एका पेनाची पाच-सहा तुटक पेनं दिसतात.

सत्तावीस इंची, फोर-के, हलक्या मॅटचा एक निवडला. इंचाला १६३ ठिपके. अकरा पॉइंटच्या अक्षराला पंधराच्या जागी पंचवीस, अनुस्वाराला दोनाच्या जागी तीन रुंदीला आणि तीन उंचीला. चाराचे नऊ झाले. भिंगातून बघितलं तर टिंब गोल होतं. चौकोनी नाही, गोल! त्या मुलालाही दाखवलं. त्याने नम्रपणे बघितलं.

तेवीस हजार झाले. माझं तीन पुस्तकांचं काम. खोकं दुपारच्या लोकलने आणलं. लेडीज डब्यात कर्जतच्या पुढे एका बाईने त्यावर डोकं टेकून झोपायची परवानगी मागितली आणि मी दिली.

घरी आल्यावर दोन धडे शिल्लक होते. माझ्या जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय फोर-केला सेकंदाला तीसच चित्रं देत होतं, त्यामुळे माऊसचा बाण अडखळत चालायचा. वाचायला त्याने काही बिघडत नाही, आणि मी वाचतेच. दुसरा धडा टेबलाचा. मी आणि मुलाने ते उचलून काटकोनात फिरवलं. आता खिडकी माझ्या डाव्या हाताला आहे, आईंच्या दारासारखी. स्क्रीनचा वरचा काठ डोळ्यांच्या जरासा खाली. स्क्रीनचा उजेड शेजारी धरलेल्या कोऱ्या कागदाइतका दिसेपर्यंत कमी केला. तो विकत आणला तेव्हा होता त्याच्या निम्म्याहून खाली आला. हे शेवटचं सगळं फुकट होतं, आणि आधी केलं असतं तर जुन्या लॅपटॉपवरही अर्धं दुखणं गेलं असतं, हे कबूल करायला हवं.

*

पहिल्या रात्री, कोणी बघत नसताना, मी गुरुजींच्या पुस्तकाची फाइल उघडली. ३१वं पान. चूक लांबूनसुद्धा दिसत होती. मला बरं वाटलं, म्हणजे दोष काचेचा होता तर. मग फाइलची वेळ बघितली. शेवटची दुरुस्ती रात्री १२ वाजून ५० मिनिटांची होती. त्या दिवशी मी सकाळपासून दुसरंच काम करत होते आणि हे रात्री जेवणानंतर हातात घेतलं होतं. काच वाईट होती हे खरं. पण त्या वेळी त्या पानावर कोणतीच काच मला वाचवू शकली नसती.

फाइल बंद करायच्या आधी सहज पुढे वाचत गेले आणि ५८व्या पानावर थांबले. 'शेवटच्या दिवसांत त्याना भेटायला'. टिंब नव्हतं.

हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पुस्तकं वाटून आठ महिने झाले होते. मी तशीच झोपले, म्हणजे आडवी झाले. सकाळी आईंना सांगितलं. त्या आता चष्म्याशिवाय अंगणातली कोंबडी मोजतात. त्यांनी विचारलं, "तिला ठावं हाय?" म्हटलं, नाही. "मग सांग," म्हणाल्या आणि सुपाकडे वळल्या.

मी त्या बाईंना मेसेज लिहिला. पान, ओळ, शब्द. माफी मागितली. तीनशे घरांतल्या प्रती आता परत मिळणार नाहीत हे मलाही कळतं, असंही लिहिलं. दुपारपर्यंत उत्तर नाही. मी दुसरं काम काढून बसले, पण दर वीस मिनिटांनी नजर वीस फुटांऐवजी फोनकडे जात होती.

चारच्या सुमारास एक फोटो आला. ५८वं पान, त्यावर एका वृद्ध हाताचा अंगठा, आणि 'त्यांना'वर निळ्या शाईचं टिंब. जरा मोठंच पडलं होतं. खाली लिहिलं होतं, "आईने दिलं. अजून कुठे असेल तर सांगा, म्हणते."

मी पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं.